पाय सुधारला

खुर्चीत बसून बर्फावर दगड ढकलायचे, हा काय खेळ झाला, असं म्हणणाऱ्यांच्या नादी कॅप्टन कधी लागली नाही. अपघातानंतर नोकरी गेली, पाठोपाठ नवराही गेला. या खेळाने तिला पुन्हा माणसांत आणलं आणि कॅप्टन हे नाव दिलं. आता जागतिक स्पर्धा तोंडावर आली होती आणि तिचा जीव संघातल्या त्या एका जागेत अडकला होता.

हातातल्या लांब काठीने दगड ढकलायचा आणि खुर्ची मागे घसरू नये म्हणून दुसऱ्या खेळाडूने मागून चाकं धरायची, अशी या खेळाची रीत. कॅप्टनची चाकं आजोबा धरायचा. संघात वयाने थोरला, म्हणून आजोबा. पण हल्ली ढकलताना तिचा तोल डावीकडे जायचा.

"ताई, मांडीत जोर आणा," फिजिओ म्हणाला.

झालं! बाई हट्टाला पेटली. रोज सकाळी पायाला वजन बांधून घाम गाळू लागली. दगड ती सांगेल तिथे जाऊन थांबायला लागला.

करायला गेली एक आणि झालं भलतंच. स्पर्धेआधीच्या तपासणीत डॉक्टरांनी तिला पाय उचलायला लावला, पुन्हा लावला.

"अभिनंदन! बराच जोर आलाय. पण पायात ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त जोर असला की या खेळात घेत नाहीत. आता तुम्ही नियमात बसत नाही."

"अहो, चार पावलं टाकली तर पडते मी!"

"कळतं हो. पण नियम म्हणजे नियम."

बाहेर आजोबा थांबला होता. ऐकून तो चिडलाच. "कशाला मर मर मेलीस? मी धरत होतो ना?" संध्याकाळपर्यंत तिच्या जागी दुसरी आलीसुद्धा. आजोबा आता त्या नवीची चाकं धरणार होता. कॅप्टनला त्याचाही राग आला, आणि रागाची लाजही वाटली.

घरी आई दारातच उभी. "देव पावला गं! पाय सुधारला म्हणे! सगळ्या शेजाऱ्यांना सांगून आले. आता ती खुर्ची टाक माळ्यावर. चालून दाखव बघू."

म्हातारीचं तोंड एवढं फुललं होतं की कॅप्टनला नाही म्हणवेना. ती भिंत धरून उठली. चौथ्या पावलाला गुडघा दुमडला आणि ती फरशीवर आपटली.

आई धावली, तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "होईल गं हळूहळू. अजून थोडा जोर आण."

"आई," कॅप्टन फरशीवरूनच ओरडली, "जोर आणूनच तर मेले गं मी!"