वनवासाचा अर्थ

हंबीररावांनी हात वर केला, तशी लालासाहेबानं ओवी तोंडातल्या तोंडात थांबवली. पोरानं पोथी वाचायची आणि बापानं अर्थ सांगायचा, ही मारुतीच्या देवळातली रामनवमीआधीची रीत. हंबीररावांचा आवाजही असा, की पारावरची म्हातारी माणसं बिड्या विझवून ऐकत बसायची.

"कैकयीला समदं जग नावं ठेवतंय," ते म्हणाले, "पर तिनं रामाला वनात धाडलंच नसतं, तर रावण मेला असता का? तिच्या तोंडून देवच बोलला, मंडळी."

माना डोलल्या. बायकांच्या बाजूला खांबाशी बसलेल्या राहीबाईची मान तेवढी हलली नाही. अर्थ कुठल्या वाटेनं निघालाय, ते तिला कळून चुकलं होतं.

ती हंबीररावांची थोरली भावजय. नवरा जोतिबा गेला, त्याच साली दिरानं तिला तान्ह्या पोरासकट घराबाहेर काढलं आणि जोतिबाच्या वाटणीचं विहिरीचं रान गिळलं. ती कोयनानगरला गेली. धरणाच्या वसाहतीत लोकांच्या भाकरी थापल्या, भूकंपानंतर तंबूत राहिली. त्यातनंच तिचा पोरगा सयाजी शिकला, वीजघरात नोकरीला लागला. आता ती आपलं रान मागायला आली होती. बहात्तरच्या दुष्काळात आटपाडीकडच्या विहिरी खडखडीत झाल्या, पण त्या एका विहिरीनं तळ दाखवला नव्हता. असं रान कोण सुखासुखी सोडतो?

"आता आमच्याच घरचं बघा," हंबीरराव म्हणाले. "वैनींना मी तवा घालवलं नसतं, तर सयाजी आज बैलामागंच दिसला असता. सायेब झाला गडी! देवाची करणी, दुसरं काय?"

त्यांनी नवंकोरं लुगडं आणि नारळ पुढं केला. गावासमोर बाईनं लुगडं घेतलं की तिनं हक्क सोडला, पुन्हा रानाचं नाव काढायचं नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"उठा वैनी. देवाच्या दारात न्हाई म्हनू नये."

राहीबाई उठली. ती पुढं आली, पण लुगड्याकडं तिनं ढुंकूनही बघितलं नाही.

"भावजी, देवाची करणी मी नाकारत न्हाई. भूकंपात भिंत पडली, तवा पोरगं जित्तं निघालं ते त्याच्यामुळं. देव माझ्यासंगं वनात आला. तुमी न्हाई आलासा."

"तसं न्हवं, वैनी..."

"बोलू द्या मला. त्यानं वाईटातनं बरं केलं, ती त्याची थोरवी. त्यात तुमचा वाटा कुठनं आला? मला काढलं तवा काय देवाला इचारून काढलं व्हतं? रान पायजे व्हतं, म्हनून काढलं!"

"बाई, देवळात हायसा. जरा सबुरीनं," एक म्हातारा म्हणाला.

"देवळात हाय म्हनूनच बोलती! लुगडं नगं. माझं रान द्या."

हंबीररावांचा चेहरा पडला, पण गडी मुरलेला. लुगडं मांडीवर ठेवून त्यांनी पोराला खूण केली.

"वाच रं पुढं."

लालासाहेब पानाकडं बघत राहिला. दरसाल तोच वाचायचा, त्यामुळं पुढचं त्याला तोंडपाठ होतं. भरत आजोळाहून येतो आणि आईनं मागून घेतलेल्या गादीवर बसत नाही.

"अरं, वाच की! बोबडी वळली का?"

"हितं भरत येतोय, आबा. मला न्हाई वाचवत."

त्यानं पोथी मिटून कपाळाला लावली, कापडात गुंडाळली आणि तो राहीबाईपुढं येऊन उभा राहिला.

"थोरल्या आई, सकाळी विहिरीच्या रानात नांगर जायचाय. जाऊ दे का न्हाई, ते तुमी सांगा."

राहीबाईनं त्याच्याकडं बघितलं, मग हंबीररावांकडं बघितलं. डोळे भरून आले होते, तरी तिनं ते पुसले नाहीत.

"जाऊ दे," ती म्हणाली. "पर चांगला खोल जाऊ दे, लेकरा. मी बांधावर उभी हाय."