मितभाषी प्रभाकर रेठरेकर

आबांची शोकसभा रविवारी सकाळी दहाला सोसायटीच्या हॉलमध्ये ठेवली होती. आबा म्हणजे माझे आजोबा, प्रभाकर रेठरेकर. चौतीस वर्षं त्यांनी एका कंपनीच्या टूलरूममध्ये साचे बनवले, आधी पिंपरीत आणि कंपनी हलल्यावर चाकणला. सत्त्याहत्तराव्या वर्षी एका दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

त्यानंतरचे पंधरा दिवस आजी, म्हणजे त्यांची कुसुम, जवळजवळ चहावरच होती. रडली नाही की बोलली नाही. कोणी समोर येऊन बसलं की मान हलवायची, बस्स. माझे बाबा आणि निवेदिताआत्या, तिची दोन्ही मुलं, आळीपाळीने ताट घेऊन तिच्यापुढे बसायची आणि ताट तसंच परत न्यायची. आत्याचा मुलगा अनिश एरवी घर डोक्यावर घेतो. तोही तिच्या दाराशी नुसता घुटमळायचा. ती सभेला येईल याची आम्हाला खात्री नव्हती. पण आली. आबांच्या आवडीचं मोरपंखी पातळ नेसून पहिल्या रांगेत बसली.

भाषण वाघोलीकर सरांचं होतं. सर निवृत्त मुख्याध्यापक. दोन वर्षांपूर्वी सोसायटीत राहायला आले, आणि तेव्हापासून कोणाचीही शोकसभा असो, बोलायला तेच. माणूस सज्जन, आवाज घंटेसारखा. रोज सकाळी आबा आणि ते बरोबर फिरायला जायचे, म्हणून बाबांनी त्यांना मुद्दाम विनंती केली होती.

"प्रभाकरराव," सरांनी सुरुवात केली, "अत्यंत मितभाषी होते."

माझ्या शेजारी अनिशने श्वास रोखला. मी त्याच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर संपलंच होतं. आमच्याकडे राँग नंबर लागला तरी आबा समोरच्याचं गाव, नोकरी आणि गुडघेदुखी विचारल्याशिवाय फोन ठेवत नसत.

"वेळेचे काटेकोर. त्यांच्याकडे बघून घड्याळ लावावं."

आत्याने ओढणीचा बोळा तोंडात धरला. आबा सकाळी दूध आणायला गेले की दुपारी थेट जेवायलाच उगवायचे, दुधासकट.

"आणि मिताहारी. जिभेवर विलक्षण ताबा."

बाबांच्या नाकातून एक आवाज आला. माझे बाबा विमा कंपनीत साहेब आहेत आणि अशा आवाजांसाठी प्रसिद्ध नाहीत. त्यांनी त्याचा खोकला करून बघितला, तो जमेना, तेव्हा न पडलेला चष्मा शोधायला ते खुर्चीखाली गेले.

तेवढ्यात माझं आजीकडे लक्ष गेलं. तिचे खांदे गदगदत होते. तोंडावर पदर होता.

"रडतायत," मागून कोणीतरी हळूच म्हणालं. "बरं झालं, मोकळ्या होतील."

शेजारच्या अंजलीकाकू धावत पाणी घेऊन आल्या. आजीने घोट घेतला आणि नेमक्या त्याच क्षणी सर म्हणाले, "घरातसुद्धा त्यांचा आवाज कधी कोणी ऐकला नसेल."

तो घोट अंजलीकाकूंच्या साडीवर गेला. आजी हसत होती. पंधरा दिवसांत पहिल्यांदा आजीच्या चेहऱ्याकडे बघून मला तिची काळजी वाटली नाही.

ती उठली, पदर खोचला आणि माइककडे गेली. सर अदबीने बाजूला झाले.

"सर, तुम्ही फार सुंदर बोललात," आजी म्हणाली. "पण या गृहस्थांची आणि माझी एकदा गाठ घालून द्या. माझ्या घरात बावन्न वर्षं दुसरंच कोणीतरी राहत होतं."

मग अनिशचा बांध फुटला आणि त्याच्यामागोमाग अख्ख्या हॉलचा.

"आमचं लग्न वाईला झालं," आजी सांगू लागली. "मुहूर्त दहा चाळीसचा. वऱ्हाड पिंपरीहून निघालं आणि खंबाटकीच्या घाटात गाडी बंद पडली. सगळं वऱ्हाड रस्त्याच्या कडेला बसलं आणि नवरदेव बोनेटच्या आत. मुहूर्त टळला. माझे वडील मांडवात येरझाऱ्या घालत होते. अंतरपाट बाजूला झाला तेव्हा मला आधी त्यांचे हातच दिसले, कोपरापर्यंत काळे. हार घालताना पाचही बोटं माझ्या शालूवर उमटली. ती अजून आहेत. आणि लग्न झाल्यावर माझ्याशी पहिलं वाक्य काय बोलले? 'गाडी आता उत्तम झालीय, परतीची काळजी करू नका.'"

लोक खुर्च्यांवर डुलत होते. आजीने हात वर करून त्यांना थांबवलं.

"जिभेचं म्हणाल, तर डॉक्टरांनी तेलकट बंद केल्यापासून दर गुरुवारी ते वाचनालयात जायचे. वाचनालयातून शर्टाला मिसळीचा कट लावून येणारा वाचक मी तरी दुसरा पाहिला नाही." तिने माझ्याकडे आणि अनिशकडे बघितलं. "आणि हे दोघं साक्षीदार. आजीला सांगायचं नाही म्हटलं की एकेक वडा जास्त मिळायचा यांना."

आम्ही दोघांनी माना खाली घातल्या. तिला सगळं माहीत होतं, आणि दर गुरुवारी ती आम्हाला विचारायची, "काय वाचलंत रे?"

मग तिसऱ्या रांगेतून बबनराव उठले. चाकणला ते आबांच्या हाताखाली होते. त्यांनी माइक घेतला नाही. त्यांना त्याची गरजही नव्हती.

"मी सांगतो. एकदा साहेबानं ह्यांना बोलावलं. म्हणला, रेठरेकर, नातवंडं किती? हे म्हणले, दोन. मंग वरसात वाढदिवसाच्या रजा पाच कशा? हे म्हणले, साहेब, दोन तारखेच्या, दोन तिथीच्या. आन पाचवी? हे म्हणले, धाकटा तीन वर्षांचा हाय. त्याला सकाळी उठल्यावर वाटलं, आज आपला वाढदिवस. मंग मी न्हाई कसं म्हणू?"

"मिळाली का रजा?" कोणीतरी विचारलं.

"व्हय, मिळाली. साहेब केक खायाला घरी आला."

अनिशच्या त्या जादा वाढदिवसाचा केक आमच्या घरात प्रसिद्ध आहे, पण रजेची गोष्ट आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हती. बाबांनी आता चष्मा शोधायचं सोडून दिलं होतं. ते उघडपणे डोळे पुसत हसत होते.

"सई, तू सांग," आत्याने मला ढकललं. "कॅबचं सांग."

मी उभी राहिले. चार वर्षांपूर्वी हिंजवडीला माझ्या नोकरीचा पहिला दिवस होता. कंपनीची कॅब दाराशी आली आणि आबा माझ्या आधी आत जाऊन बसले. "वाकडपर्यंतच येतो," ते ड्रायव्हरला म्हणाले. वाकड आलं तोवर ड्रायव्हरच्या मुलीला कुठल्या शाळेत घालावं इथपर्यंत बोलणं पोचलं होतं, म्हणून त्याने आबांना उतरवलं नाही. भूमकर चौकात आम्ही अडकलो. चाळीस मिनिटं गाडी हलेना. शेवटी आबा म्हणाले, "बघून येतो काय झालंय," आणि उतरले. पाच मिनिटांनी ते चौकाच्या मधोमध उभे राहून हात दाखवून बस थांबवत होते. आमची रांग सुटली. मागच्या गाड्यांनी हॉर्नचा असा धडाका लावला की ड्रायव्हरला थांबता येईना. मागच्या काचेतून मला आबा दिसत होते. ते मला टाटा करत होते आणि त्या टाटामुळे एक ट्रक थांबला होता.

"मी ऑफिसपर्यंत रडत गेले," मी सांगितलं. "कॅबमधल्या तिन्ही मुली, ज्यांची नावंही मला माहीत नव्हती, माझी समजूत काढत होत्या. गेटवर उतरले, तर आबा वॉचमनच्या खुर्चीवर बसून चहा पितायत. पाण्याच्या टँकरने आले होते, मारुंजीकडून आतल्या रस्त्याने. मला म्हणाले, 'पहिल्याच दिवशी उशीर?' आणि त्या वॉचमनला माझा रक्तगटसुद्धा सांगून झाला होता."

मी खाली बसले. एव्हाना हॉलमध्ये जो तो शेजाऱ्याला आपापला किस्सा सांगायला लागला होता. इतक्यात मागच्या दाराजवळ एक बाई उभ्या राहिल्या. चाळिशीच्या असतील. आमच्यापैकी कोणीच त्यांना ओळखत नव्हतं.

"मी योगिनी. सांगवीला राहते," त्या चाचरत म्हणाल्या. "मी यांच्या नात्यातली नाही. शोकसभेचं पेपरात वाचलं. माझा राँग नंबर लागला होता."

"मला मिक्सर दुरुस्तीवाला हवा होता. काका म्हणाले, तो मी नव्हे, पण झालंय काय ते सांगा. अर्धा तास फोनवर त्यांनी माझ्याकडून मिक्सर खोलून घेतला. आमच्याकडे तेव्हा दुसरं कोणी नव्हतं. मी आणि मुलगी, दोघीच. त्यानंतर सहा वर्षं दर दिवाळीला त्यांचा फोन. आधी मिक्सरची चौकशी, मग मुलीची." त्या आजीकडे वळल्या. "प्रत्येक वेळी शेवटी म्हणायचे, 'आता ठेवतो, कुसुम ताटावर थांबलीय.'"

ती उठून मागच्या दारापर्यंत चालत गेली, योगिनीताईंचा हात धरला आणि त्यांना पहिल्या रांगेत आणून आपल्या शेजारी बसवलं.

आता वाघोलीकर सर उरले होते. हातातला कागद घडी करून ते खिशात ठेवत होते. चेहरा कानकोंडा झाला होता.

"मला क्षमा करा, वहिनी," ते म्हणाले. "मी फिरायला जाताना कानातलं मशीन घरी ठेवतो. घामाने बिघडतं. दोन वर्षं प्रभाकरराव माझ्याशेजारी ओठ हलवत चालायचे. मला वाटलं, स्तोत्र म्हणतायत."

यानंतर सभेला सभा म्हणण्यात काही अर्थ राहिला नाही. अंजलीकाकू भिंतीला टेकून खाली बसल्या. बबनराव सरांच्या पाठीवर थापा मारत होते. सर स्वतःच इतके हसले की त्यांचं मशीन कानातून निघालं आणि ते शोधायला चौघे जण खुर्च्यांखाली गेले.

दहा ते अकरा म्हणून ठरवलेली सभा दीड वाजता संपली, तीही जेवणाची भांडी हॉलमध्ये आणली म्हणून. आजी पंगतीत योगिनीताई आणि सर यांच्यामध्ये बसली. मी वाढत होते. तिने चार पुऱ्या खाल्ल्या आणि पाचवी मागून घेतली. बाबा लांब उभे राहून मोजत होते. मी दटावल्यावर त्यांनी तोंड फिरवलं.

घरी आल्यावर आजी पलंगावर आबांच्या जागी, खिडकीकडच्या अंगाला आडवी झाली. मी तिच्या अंगावर चादर घातली तेव्हा ती रडत होती, अगदी हळू, आणि मध्येच तिला हसू येत होतं. "स्तोत्र म्हणे," ती पुटपुटली. मी तिच्या पायाशी बसून राहिले. थोड्या वेळाने तिला झोप लागली. स्वयंपाकघरात बाबा आणि आत्या बोलत होते, बरेच जोरात. मी उठून दार लोटून घेतलं.