मेणातली अकरा वर्षे

मित्रांनो, तुम्ही मला पाहिलेत तर वीज गेल्यावर जळून उरलेला मेणबत्तीचा तुकडा समजाल आणि फेकून द्याल. पण थांबा. मी इस्पितळातला एक जुना मेणाचा ठोकळा आहे आणि माझ्या पोटात माणसाचा तुकडा आहे. वाटाण्याएवढाच. तो पद्मावतीकाकींचा.

पद्मावतीकाकी मालवणच्या मासळी बाजारात बसतात. अकरा वर्षांपूर्वी त्यांच्या छातीत गाठ झाली. डॉक्टरांनी ती कापून काढली आणि तिचा एक तुकडा इस्पितळाच्या प्रयोगशाळेत सुशीलाबाईंच्या हाती आला. मला घडवले ते त्यांनीच. तुकड्यातले पाणी त्यांनी हळूहळू काढून घेतले, त्या जागी ऊन पातळ मेण मुरू दिले आणि साचा थंड करायला ठेवला. मेण गोठत गेले तसा मी झालो. मग त्यांनी माझा कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढला, रंगवून काचेवर ठेवला. डॉक्टरांनी तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि कर्करोगाचे निदान केले. त्यावरून काकींचे औषध ठरले आणि काकी बऱ्या झाल्या. "काप छान निघाला होता," असे डॉक्टर सुशीलाबाईंना म्हणाले. त्यातली थोडी शाबासकी मी माझी मानली.

नंतर मला खणात ठेवले आणि सगळे विसरून गेले.

मेणात झोप फार गाढ लागते. कधी वाटे, मी खाडीच्या तळाशी आहे आणि डोक्यावरून भरतीचे पाणी सावकाश सरकते आहे. माझ्या एका कडेला काकींच्या निरोगी पेशी होत्या, दुसऱ्या कडेला बिघडलेल्या. दोघी एकाच क्षणी थांबलेल्या, शेजारणींसारख्या. किती वर्षे गेली ते कळलेही नाही.

गेल्या वर्षी जुने ठोकळे टाकून द्यायचे ठरले. खोकी भरू लागली. त्याच आठवड्यात अनुजा आली. ती जवळच्याच मिठबाव गावची, पुण्याला कर्करोगाच्या पेशींवर संशोधन करते. निरोगी आणि बिघडलेला असे दोन्ही भाग शेजारी असलेले ठोकळे तिला हवे होते. सुशीलाबाईंनी मला खोक्यातून उचलले.

"हा घे. पण ज्यांचा आहे त्यांना विचारल्याशिवाय देणार नाही," त्या म्हणाल्या आणि मला डबीत घालून स्वतःच तिच्याबरोबर निघाल्या.

बाजार आवरत आला होता. अनुजाने काकींना बाजूला माडाखाली नेले आणि सगळे सांगितले. काकींचा चेहरा उतरला.

"माझो तुकडो? अजून आसा? जितो आसा काय तो?"

"नाय काकी. मेणात सगळा थांबलेला आसा."

"जाळून टाका तेका! बाजारात सगळ्यांका मी सांगलंय, पित्ताचा ऑपरेशन झाला म्हणान. खरा कोणाक बोलूक नाय. आणि तुम्ही आता ह्यां खंयसून काढलास?"

मला फार वाईट वाटले. पण त्यांचा राग खोटा नव्हता. मी त्यांचाच होतो आणि त्यांच्याच जिवावर उठलो होतो.

"तुमका नको तर नको, काकी," अनुजा म्हणाली. "सुशीलाबाई आजच त्याचो नाश करतील."

 काकींनी हात पुढे केला. बर्फाने गार पडलेला तो तळवा, त्याला माशाची खवली चिकटलेली. सुशीलाबाईंनी मला डबीतून काढून त्यात ठेवले. काकींनी मला बोटाने उलटवून पाहिले.

"येवढोच?"

"येवढोच."

"ह्याका बघून कोणाक गुण येतलो?"

"आज नाय काकी. बऱ्याच वर्सांनी, कदाचित. कदाचित नाय सुद्धा."

"खोटा बोलाक नाय तू," काकी म्हणाल्या. "घेऊन जा. पण काय दिसला तां माका येऊन दाखव."

पुण्याला माझे नवे काप काढले. एक काप जेलीसारख्या मऊ, पारदर्शक पदार्थात बसवला आणि पाण्यात सोडला. मित्रांनो, पाण्यात सब्जा फुगतो ना, तसा तो चहूबाजूंनी फुगत गेला. त्याच्याबरोबर माझ्या पेशीही मोठ्या झाल्या. मग चमकणारे रंग आले, त्यावर प्रकाश पडला आणि काळ्याभोर पडद्यावर पेशींची केंद्रके चंद्रासारखी उगवली. प्रत्येक चंद्रावर बारीक बारीक कडी होती आणि प्रत्येक कड्यात आठ ठिपके, जणू सुरंगीच्या कळ्या गोल ओवल्या आहेत. ती केंद्रकाची दारे. जन्मभर ती माझ्या अंगात होती, मला ठाऊक नव्हती. बिघडलेल्या कडेला ती दाट दिसली. पण एका ठोकळ्यावरून काही ठरत नाही, असे अनुजाने वहीत लिहिले आणि ती पुढच्या ठोकळ्याकडे वळली.

चार महिन्यांनी मला इस्पितळात परत द्यायला ती आली, तेव्हा वाटेत बाजारात थांबली. काकींच्या हातात तिने त्या चंद्राचे छापील चित्र ठेवले.

"ही दारां, काकी. ह्येंतसून निरोप आत-भायर जातत."

"बंदरासारख्या? होडये येतत, होडये जातत?"

"तसाच."

"बरा दिसता गो," काकी पुटपुटल्या. "माझ्यात ह्यां होता?"

शेजारी माशांच्या पाटीमागे बसलेल्या यशोदाने मान वळवली. "काय गो तां?"

काकींनी चित्र पदराखाली घेतले. मग पुन्हा बाहेर काढले.

"माझो कॅन्सर," त्या म्हणाल्या. "पित्ताचा सांगलंय तां खोटा."

 यशोदाचा हात हळूच काखेकडे गेला.

"माका पण गाठ आसा," ती म्हणाली. "गणपतीपासून."

"आणि आता सांगतंस?"

"तू तरी खंय सांगलंस?"

 अनुजाच्या पिशवीतल्या डबीत मी अंग चोरून बसलो. मग काकींनी पाटीवर ओले फडके टाकले आणि उठल्या.

"अनुजा, सुशीलाबाईंका फोन लाव. यशोदा, उठ. बांगडे रवांदेत हंयच."

आता मी पुन्हा खणात आहे, पहिल्यापेक्षा पातळ. माझ्या शेजारी एक नवा ठोकळा आला आहे, यशोदाचा. त्यात आजार आहे, पण लहान. उपचार सुरू आहेत. दर खेपेला काकी आणि यशोदा एकाच एसटीने येतात. जिन्यावरून त्यांचे बोलणे ऐकू येते आणि माझी झोप मोडते. मोडली तरी बरे वाटते.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणी दुखणे लपवून बसले असेल, तर त्यांच्याजवळ बसा. रागावू नका. विचारा, आणि त्याच दिवशी त्यांना सोबत घेऊन निघा. हातातले काम राहिले तर राहू दे. बाजार दुसऱ्या दिवशीही भरतो.