रॉयस टिलरीचे दोन खेळ

रॉयस टिलरीचं नाव कॉलेजच्या मानकऱ्यांच्या भिंतीवर लागणार असल्याचं पत्र आलं, तेव्हा डेल्बर्ट नॅपने ते वाचून बायकोकडे सरकवलं. "आता नालायकीलाही पितळी पाटी मिळते," तो म्हणाला.

ओक्लाहोमातल्या त्या गावाने रॉयसला चार वर्षं डोक्यावर घेऊन मिरवलं होतं. पानगळीत तो फुटबॉलचा क्वार्टरबॅक, सगळा डाव त्याच्या हातात. वसंतात बेसबॉलचा पिचर, फलंदाजाला चेंडू फेकणारा. डेल्बर्ट त्याचा कॅचर. रॉयसने फेकलेला प्रत्येक चेंडू तो फलंदाजामागे उकिडवं बसून झेलायचा, त्यामुळे रॉयस किती पाण्यात आहे ते त्याला पक्कं ठाऊक होतं. फुटबॉलमध्ये हरला की बेसबॉलने खांदा गेलाय म्हणायचा. बेसबॉलमध्ये समोर तगडा फलंदाज आला की फुटबॉलमधला गुडघा धरून बसायचा. गावातल्या शहाण्यांना दोन्ही पटायचं.

शेवटच्या वर्षी मोठ्या संघांची माणसं खेळाडू हेरायला आली. डेल्बर्टने संथ, वळणाऱ्या चेंडूची खूण केली. रॉयसने मान डोलावली आणि त्या पाहुण्यांना वेग दिसावा म्हणून अंगातलं सगळं बळ लावून सरळ फेकला. डेल्बर्टच्या उजव्या हाताची दोन बोटं मोडली. त्याचा खेळ तिथेच संपला. रॉयस दवाखान्याकडे फिरकलाही नाही.

पुढे रॉयसने बेसबॉलच्या खालच्या संघांत तीन वर्षं मार खाल्ला. मग आपला खरा खेळ फुटबॉलच, असं सांगत तिकडे गेला. तिथून त्याला सराव शिबिरातूनच घरी धाडलं. डेल्बर्ट गावच्या शाळेत बेसबॉल शिकवू लागला होता.

बायकोने आग्रह केला म्हणून तो सत्काराच्या जेवणाला गेला. पोट सुटलेल्या रॉयसने माइकवरून त्याच्याकडे बोट दाखवलं. "हा डेल्बर्ट. माझा चेंडू झेलताना बिचाऱ्याची बोटं मोडली. काय करणार, वेगच तसा होता माझा."

सभागृह हसलं. डेल्बर्ट उठला. तो मिठी मारायला निघाला असं वाटून लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो व्यासपीठासमोरून सरळ गेला, कोट उचलला आणि बाहेर पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रॉयस शाळेच्या मैदानावर हजर. आधी हवापाण्याचं बोलला, मग मुद्द्यावर आला. शाळेला पिचिंग शिकवणारा हवाय असं त्याच्या कानावर आलं होतं, आणि हल्ली त्याच्या हाताला काम नव्हतं.

"तू शब्द टाकलास तर होईल. जुने दोस्त आपण."

डेल्बर्ट चुन्याच्या रेषा मारत होता. तो थांबला नाही. "जागा आहे," म्हणाला.

"मग?"

"मग काही नाही. तू मागितलीस, मी ऐकलं."

रॉयस ओशाळं हसला. "कालचं मनाला लावून घेतलंस की काय? अरे, लोकांना हसवायला बोललो."

"तुझा राग यायचं केव्हाच बंद झालं रे. बाजूला हो, रेषेवर उभा आहेस."

रॉयस बाजूला झाला. जरा घुटमळला, मग पांढऱ्या झालेल्या बुटांनी गाडीकडे गेला.

महिन्याभराने ती जागा शेजारच्या गावातल्या एका निवृत्त शिक्षिकेला मिळाली. ती वेळेवर यायची, आणि हरल्यावर हरलो म्हणायची.