दुसरा ठोका

मित्रांनो, माझं नाव प्रेस. पण मी कपड्यांना इस्त्री करत नाही आणि पेपरही छापत नाही. मी पत्रा दाबतो. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका तळमजल्याच्या गाळ्यात, सिमेंटच्या चौथऱ्यावर बोल्टांनी घट्ट आवळलेला मी एक म्हातारा पॉवर प्रेस. साच्यात पत्र्याचा तुकडा ठेवून बटण दाबलं, की माझा वरचा जड ठोकळा धाडकन खाली येतो आणि मिक्सरच्या बुडाची चकती तयार होते. तुमच्या घरच्या मिक्सरचं बूडही कदाचित माझ्याच ठोक्याखालून गेलं असेल.

एक गोष्ट आधीच सांगतो. एकदा सुटलो की मला मध्येच थांबता येत नाही. खाली पत्रा आहे की कोणाचं बोट, ते मला कळतं. पण थांबता येत नाही.

मी ट्रकमधून इथे आलो तेव्हा माझ्यापुढे नारळ फुटला होता. भाऊ नावाच्या फिटरने मला बसवलं. माझ्या तोंडावर त्याने एक लोखंडी जाळी लावली. ती खाली असेल तरच ठोका पडायचा. ती वर उचलली, की एक खिटी मला अडवून धरायची. भाऊ दर शनिवारी मला तेलपाणी करायचा, पाठीवर थाप मारायचा आणि म्हणायचा, "हा आमचा पहिलवान!" अशी कैक वर्षं गेली. मग भाऊचे गुडघे गेले. तो महिन्यातून एकदाच येऊ लागला, आणि तोही नव्या मशीनकडे. माझ्याकडे कोणी बघेना.

दोन वर्षांपूर्वी हेमांगी माझ्यावर कामाला आली. वेसाव्याच्या कोळीवाड्यातली मुलगी. आई मासे विकते, ही आयटीआय शिकलेली. आमच्या गाळ्यात प्रेसवर बसलेली ती पहिलीच बाई. सकाळी आल्या आल्या ती मला फडक्याने पुसायची आणि माझा आवाज कान देऊन ऐकायची, एखाद्याने होडी समुद्रात सोडायच्या आधी इंजिन ऐकावं तसा.

यंदा गणपतीनंतर मोठी ऑर्डर आली. सुपरवायझर अल्पेशने एका दुपारी पाना घेतला आणि माझी जाळी खिटीसकट काढून भिंतीला टेकवून ठेवली.

"अल्पेशभाई, ही कशाला काढली?" हेमांगीने विचारलं.

"प्रत्येक जॉबला जाळी वर-खाली, वर-खाली. टाइम जातो ना यार! ऑर्डर संपली की लावतो परत."

मला उघड्यावर बसवल्यासारखं वाटलं. त्यातच एका ठोक्यानंतर मला वर धरून ठेवणारी, पोटातल्या क्लचची स्प्रिंग तडकलेली होती. मला ते जाणवत होतं. पण मला ओरडता येत नाही, मित्रांनो.

मंगळवारी सकाळी ते पहिल्यांदा घडलं. हेमांगीने बटण दाबलं, मी खाली आलो, वर गेलो आणि कोणी न सांगता पुन्हा खाली आलो. तिचा हात वीतभर दूर होता. ती स्टुलावरून मागे सरकली.

"अल्पेशभाई, मशीन डबल मारतंय!"

अल्पेश आला. त्याने पाच ठोके मारून पाहिले. पाचही सरळ पडले.

"वहम आहे तुझा. बटण दोनदा दाबलं असशील."

"नाही दाबलं. भाऊंना बोलवा."

"भाऊ गावी गेलाय. सोमवारी येईल. चल, बस."

ती बसली. ते तीन दिवस मी कधी विसरणार नाही. दर वेळी ती पत्रा ठेवायची, हात झटकन मागे घ्यायची, कान देऊन ऐकायची. तिला माझी भीती वाटत होती, आणि मला माझी. गुरुवारी मी पुन्हा दोनदा पडलो. या वेळी तिच्या हातातला चकती काढायचा चिमटाच चेपला.

शुक्रवारी ती आली, पण स्टुलावर बसलीच नाही.

"मी नाय बसणार," ती म्हणाली. "कामावरून काढा हवं तर."

गाळ्यातली माणसं वळून बघू लागली. कोणीतरी हसलं. अल्पेशचा चेहरा लाल झाला.

"घाबरट आहेस तू! बघ, असं चालवायचं."

तो स्वतः स्टुलावर बसला. एक चकती, दोन, दहा. हेमांगी त्याच्या मागे उभी राहून ऐकत होती. "बघितलंस? काही होतंय का?" म्हणत त्याने पुढची चकती काढायला हात आत घातला, आणि माझ्या पोटात 'टक्' झालं.

मी सुटलो होतो. त्याचा हात मनगटापर्यंत आत होता. मी जिवाच्या आकांताने थांबू पाहिलं, पण माझं जड चाक मला खाली ओढत होतं.

तो 'टक्' हेमांगीनेही ऐकला. तिने दोन्ही हातांनी अल्पेशची कॉलर धरली आणि स्वतःला मागे झोकून दिलं. दोघं जमिनीवर पडले. मी धाडकन आपटलो.

अल्पेश आपला हात डोळ्यांपुढे धरून बघत राहिला. मधल्या बोटाचं नख गेलं होतं, रक्त वाहत होतं. पण पाचही बोटं होती. हेमांगीने उठून माझा मेन स्विच खाली ओढला आणि मग ती भिंतीला टेकून रडली. मघाशी हसलेला माणूस पाणी घेऊन आला.

सोमवारी भाऊने मला उघडलं. स्प्रिंगचे दोन तुकडे त्याने मालकांच्या हातावर ठेवले. "पोरीने मंगळवारीच सांगितलं होतं," अल्पेश खाली मान घालून म्हणाला. "मीच नाही ऐकलं." नवी स्प्रिंग आली, जाळी परत लागली. सगळे प्रेस दर महिन्याला उघडून तपासायचे, असं मालकांनी ठरवलं. आठ दिवसांनी हेमांगी माझ्यावर कामाला परतली. अजूनही प्रत्येक चकतीला ती हात झटकन मागे घेते. त्याबद्दल आता तिला कोणी हसत नाही.

पण मित्रांनो, माझी भीती गेलेली नाही. आमच्या भिंतीपलीकडच्या गाळ्यात माझ्यासारखाच एक म्हातारा प्रेस आहे. दिवसभर मला त्याचे ठोके ऐकू येतात. काल दुपारी जिथे एक पडायला हवा, तिथे दोन पडले. मला भिंत ओलांडता येत नाही. तुमच्या घरातलं कोणी अशा मशीनवर बसत असेल, तर आज ते घरी आले की त्यांना विचारा: तुमच्या मशीनला जाळी आहे ना? आणि ते 'भीती वाटते' म्हणाले, तर हसू नका. नीट ऐका.