देल्फिनच्या मयतीची कॉफी

देल्फिन सोमवारी सकाळी गेला. अबाकाचे, दोरखंडाच्या वाखाचे, सोट खांद्यावरून उतरवले, छातीला हात लावून खाली बसला, तो उठलाच नाही. दुपारी त्याची पेटी पुढच्या खोलीत ठेवली, तेव्हा रोसेंदाच्या मनात पहिला विचार आला तो साखरेचा. घरात मूठभरही नव्हती.

नवरा पेटीत आणि आपल्याला साखर आठवते, याची तिला लाजही वाटली नाही. काहीच वाटत नव्हतं.

"पेटी नऊ दिवस घरात ठेवू," बेलेन म्हणाली. ती देल्फिनची थोरली बहीण; रोसेंदा तिला मनाय, म्हणजे ताई, म्हणायची. "बाबांना नऊ दिवस ठेवलं होतं. सगळं कातान्दुआनेस बेट लोटलं होतं तेव्हा."

"तेव्हा साखर काय भावाने होती, मनाय? आता शंभराच्या वर गेलीय. तांदूळ साठ. कांद्याचं तर नावच काढू नका. आल्यागेल्याला नऊ दिवस कॉफी आणि पेज कुठून घालू? गुरुवारी माती देऊ."

"लोक म्हणतील, जिवंतपणी जड झाला होता, मेल्यावरही झाला."

"म्हणू देत."

मनिलाहून मुलाचा फोन आला. बोटीचं भाडं पुन्हा वाढलंय, आई, असं म्हणाला. "नको येऊस," रोसेंदाने सांगितलं आणि फोन ठेवला.

तिने खुराड्यातल्या दोन तलंगा विकल्या. साखर, कॉफी आणि बिस्किटांचा एक डबा आणला. आलं घालून पातेलंभर पेज केली. बाकडी मागून आणली. शंभर माणसं आली तर काय करायचं, एवढी एकच धास्ती होती, म्हणून कॉफीत पाणी अंमळ जास्तच घातलं.

सोमवारी शेजारपाजारचे येऊन गेले. मंगळवारी सातजण. पेटीपाशी पैशांचं पाकीट ठेवायचे, उभ्या उभ्या क्रुसाची खूण करायचे आणि चालू लागायचे. बुधवारी दुपारपर्यंत कुणी फिरकलंच नाही. पेजेवर साय धरली. मयतीच्या घरचं खाणं बाहेर द्यायचं नसतं, त्यामुळे डबा तसाच भरलेला.

"माझ्या भावाने कुणाचं काय घोडं मारलं होतं?" बेलेन रिकाम्या बाकड्यांकडे बघत म्हणाली. रोसेंदाने दोन कप भरले. दोघी पेटीजवळ बसून प्यायल्या. कॉफी पाणचट होती.

गुरुवारी दफनभूमीत मात्र अख्खं गाव उभं. मागच्या भिंतीपर्यंत माणसं. बेलेन वळून वळून बघत राहिली. माती लोटून झाल्यावर तिनांग पुढे आली. ती रोसेंदाच्या मुलाची धर्ममाता, वीस वर्षांपासूनची मैत्रीण; त्या नात्याने दोघी एकमेकींना 'मारे' म्हणत. आणि तीन दिवसांत तिने तोंड दाखवलं नव्हतं.

"शिव्या घाल मला, मारे."

"कशाला?"

"दोनदा दारापर्यंत आले होते. मुठीत वीसची नोट. वीस ठेवायचे आणि तुझी चाळीसची कॉफी-बिस्किटं हाणायची? पाय उचलेना. सगळ्यांचंच तसं झालंय गं. इथं बरं, नुसतं उभं राहायचं."

"कॉफी होती गं," रोसेंदा म्हणाली. "गरम होती."

परतताना ती बेलेनला म्हणाली, "उद्यापासून नऊ दिवसांची प्रार्थना. पाकीट नको आणि खाणंही नाही, असं सांगा सगळ्यांना."

"बिनकॉफीची प्रार्थना? या गावात असं कधी झालं नाही."

"मग आता होईल. तिनांगच्या कानावर घाला म्हणजे झालं, ती तासाभरात गावभर करेल."

शुक्रवारी पाच वाजता लोक यायला लागले. आधी चारपाच, मग घोळक्याने. बाकडी पुरेनात, तेव्हा चटया अंथरल्या. चटयाही पुरेनात, तेव्हा माणसं अंगणात गुडघे टेकून बसली. रिकाम्या हातांनी आलेली माणसं अवघडत नव्हती, खुशाल एकमेकांना सरकून घ्यायला सांगत होती. बेलेन दारात उभी राहून माणसं मोजत होती. बावन्नपर्यंत गेली आणि पुढे विसरली.

रोसेंदाला वाटलं, आता तरी रडू येईल. नाही आलं. शेजारी प्रार्थना सांगणारी तिनांगच हुंदके देत होती, प्रार्थना पुढे सरकत नव्हती. रोसेंदाने तिच्या हातातली जपमाळ काढून घेतली आणि पुढच्या मण्यांची प्रार्थना आपणच म्हटली.