कलाबाईचा हात

सोनगीरच्या कलाबाईचा हात लागला की मोडलेलं हाड मुकाट्यानं जागेवर बसतं, असं पार साक्रीपर्यंत बोललं जायचं. म्हणून तिची नात मितू खो-खोत पडली आणि गुडघा धरून बसली, तेव्हा डॉक्टरचं नावही कुणी काढलं नाही. आचाऱ्याच्या घरचं पोर कधी खाणावळीत जेवतं का?

"मुरगळा शे," कलाबाई म्हणाली आणि रोज संध्याकाळी कोमट तेलानं गुडघ्यावरची सूज रगडायला लागली. सूज उतरायचं सोडून वाढली. मितू झोपेतून रडत उठायची. सून वृषाली भीतभीत म्हणाली, "आत्या, एकदा धुळ्याला हाडाचा फोटो काढू ना."

"लोके फोटो टाकीसन मनाकडे येतस, अन् मनी नात फोटो काढाले जाई? मंग मी काय माश्या मारू?"

वृषाली गप्प बसली. ती गप्पच बसली, म्हणून पाय टेकवेनासा होईपर्यंत रगडणं चाललं.

धुळ्याच्या डॉक्टरनं फोटो उजेडात धरला, मग सूज पाहिली. "हे कुणी चोळलं?"

कलाबाईनं हात पदराखाली घेतले.

"हाडाचा कॅन्सर वाटतोय. तुकडा काढून तपासावा लागेल, मुंबईला. चोळल्यामुळे झाला नाही हा, आजी. पण चोळण्यात वेळ गेला."

मुंबईत तेच निघालं. औषधं चढली, केस गेले, आणि शेवटी मांडीपासून पाय गेला.

मितू कुबड्यांवर घरी आली, त्या आठवड्यात साक्रीकडचा वना मोटरसायकलवर आपल्या पोरीला घेऊन आला. पोरगी पडली नव्हती, झडली नव्हती, तरी गुडघ्याच्या वर गरम सूज. कलाबाईनं बोट लावलं आणि चटका बसल्यासारखं काढून घेतलं.

"आजच धुळ्याले जाय. फोटो काढ."

"धुळं ओलांडीसन तुनाकडे उनू, अक्का, अन् तू माले धुळं दाखाडस? भाव वाढना तुना! तुना चेला झुलाल बरा मंग."

त्यानं गाडीला किक मारली. सांगायचं ते एकच होतं, आणि तेच कलाबाईला सांगता येत नव्हतं.

मितूनं दारात येऊन फ्रॉक वर धरला.

"काका, हा पाय आजीनंच चोळला होता."

ओट्यावर आणखी चारजण आपल्या पाळीची वाट पाहत बसले होते. कुणी कलाबाईकडे पाहीना.

वनाची गाडी धुळ्याच्या रस्त्याला लागली. मागोमाग तेही चौघे चपला शोधायला लागले. कलाबाईनं तेलाची वाटी उचलून चुलीमागे ठेवली आणि नातीला म्हणाली, "ऊन लागस. मजार चाल, घरमा."